व्हाळापल्याडचं घर

रेश्मानं वायरचं टोक संगणकात खुपसलं आणि पडद्याकडे न बघता आधी त्या यंत्राकडे बघितलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, निळं, एका कोपऱ्यात टवका उडालेलं. शुभमच्या पँटच्या खिशातून ते सरळ धुण्याच्या बादलीत गेलं होतं. तेव्हापासून त्याची इवलीशी काच काळी पडली होती आणि बटणं दाबली की दाबलेलीच राहत होती. गाणी ऐकायचं यंत्र म्हणून त्याचं आयुष्य संपलं होतं. पोटात काही उरलं असेलच, तर ते आता वायरीनंच बाहेर काढायला हवं होतं.

"दिसतंय का काही?" आमोदनं विचारलं.

"अजून नाही, सर."

टेबलासमोरच्या बाकावर धोंडू मानकरी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. शेजारी शुभम. धोंडू रेश्मापासून चार हातांवर होता, पण बोलला तो आमोदशी.

"तिला इचारा, निघंल का?"

आमोदनं एकदा धोंडूकडे आणि एकदा रेश्माकडे बघितलं. मग रेश्माला विचारलं, "निघेल का?"

"बघते."

"बघतेय म्हणते," आमोद धोंडूला म्हणाला, आणि या वयात आपण हे काय करतोय असा चेहरा करून त्यानं चष्मा पुसायला घेतला.

रेश्मा आणि धोंडू दोघंही एकाच वाडीचे. कापड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला सातविणीचा कोंड आहे, तिथले. मागच्या पावसाळ्यात भावकीतल्या एका विधवेच्या जमिनीची तारीख महाडच्या कोर्टात लागली आणि रेश्माच्या बापानं, सदूनं, डोळ्यांनी पाहिलं होतं तेवढं सांगितलं. ते गावकीला नको होतं. आठवड्याच्या आत गावकी बसली आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडचं सदूचं घर वाळीत पडलं. त्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्यांच्या दारात जायचं नाही, त्यांना दारात घ्यायचं नाही. मोडेल त्याला दंड. सरकारी नियमांतून माणूस वाट काढतो, पण गावकीच्या नियमांना फट म्हणून नसते, आणि फट दिसली तरी बुजवायला धोंडूसारखी माणसं असतातच.

रेश्मा महाडात 'कंपूटर'मध्ये आहे, एवढं वाडीला ठाऊक होतं. कुठल्या दुकानात, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं? त्यालाही बंदीच होती. म्हणून तर बाजारातल्या दोन दुकानांनी 'फॉरमॅट मारावं लागेल, सगळं जाईल' असं सांगितल्यावर आणि तिसऱ्यानं एसटी स्टँडमागच्या आमोदच्या दुकानाकडे बोट दाखवल्यावर धोंडू बिनघोर आत शिरला होता. समोर रेश्माला बघून तो उंबऱ्यातच थबकला. परत फिरायला निघाला, पण शुभमनं त्याची बाही धरली. "काका, शिमगा तोंडावर आलाय," एवढंच तो म्हणाला.

आमोदच्या दुकानाची महाडात एक ख्याती होती. दोन हजार पाचच्या पुरात त्याचे सगळे संगणक गाळात गेले. गाळ उपसल्यावर त्यानं मुंबईहून जुनी यंत्रं आणली आणि एकूणएक यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं. फुकट मिळतं, व्हायरस लागत नाही, आणि मुख्य म्हणजे आमोदच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. तेव्हापासून गावातल्या कुणाचा प्रिंटर, कुणाचा कॅमेरा, कुणाचं गाण्याचं यंत्र त्या संगणकांना ओळख देईनासं झालं की शिव्या आमोदच्या हट्टाला बसत आणि निस्तरायला रेश्मा बसे. दोन वर्षं निस्तरून निस्तरून ती त्यात अशी तयार झाली होती की आमोदही तिला विचारूनच गिऱ्हाइकाला होकार द्यायचा.

तिनं पडद्यावर आदेश द्यायची काळी खिडकी उघडून ओळी वाचल्या. संगणकाला काहीतरी जोडलं गेल्याचं कळलं होतं. पण गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या लेखी ही एक साधी डिस्क होती, असेल कुणाचीतरी.

"याला ओळख द्यावी लागते, सर," ती म्हणाली. "आत एक फाइल ठेवायची. रिकामीच असते. फक्त नाव बरोबर लागतं."

"आत काहीच नाही?"

"काही नाही. नुसतं नाव बघतो तो."

तिनं ती फाइल ठेवली, वायर काढून पुन्हा लावली आणि पडद्यावर गाण्यांची यादी उमटली. शुभम बाकावरून उठून पुढं आला. सिनेमातली गाणी, कोळीगीतं, लग्नात वाजणारं काहीबाही. तो खाली खाली वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"यात नाय. रेश्मा, ते रेकॉर्डिंग होतं, गाणं नव्हतं. माझ्या हातानं मी…"

धोंडू खाकरला. शुभमनं जीभ चावली. मुंबईत जन्म काढलेला पोरगा, वाळीत टाकलेल्या माणसाशी किती आणि कसं बोलायचं नसतं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. तो आमोदकडे वळून तेच पुन्हा सांगू लागला.

प्रकरण असं होतं. वाडीच्या देवाची पालखी शिमग्यात सहाणेवर, तिच्या दगडी ओट्यावर, बसते, तेव्हा सगळ्या वाडीच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाण्यात एकेका घराचं नाव येतं. अमक्याच्या घराला राख, तमक्याच्या गुरावासराला राख. प्रत्येक घर झालं की जमलेली माणसं एका तोंडानं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते गाऱ्हाणं घालायचा मान शुभमच्या घराचा. त्याचा आजा सोनबा गेली कितीतरी वर्षं ते घालत आला होता. गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं नसतं, अशी त्यांची रीत. कानानं घ्यायचं आणि तोंडानं द्यायचं. सोनबानं बापाकडून घेतलं, शुभमच्या बापाला द्यायचं होतं, पण तो आधीच गेला. आणि या भाद्रपदात सोनबावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. आता तो खाटेवर बसून सगळं ऐकतो, डोळ्यांनी हो-नाही करतो, पण शब्द म्हणून निघत नाही.

उरलं होतं ते एवढंच. मागच्या शिमग्यात शुभमनं गंमत म्हणून खिशातलं यंत्र चालू करून सहाणेवर धरलं होतं.

"दुसरं नवं घेऊन आलोय," खिशातून दुसरं चकचकीत यंत्र काढत शुभम म्हणाला. "यात घालून द्या. मी दिवसरात्र ऐकून पाठ करीन. नायतर मान दुसऱ्या घरात जाईल. आजोबा ते सोसणार नायत."

"तिला बघू द्या शांतपणे," आमोद म्हणाला. "तुम्ही चहा घेऊन या."

ते गेले. रेश्मानं प्रोग्रॅम बाजूला सारला आणि यंत्राचं पोट सरळ उघडलं. गाण्यांच्या फोल्डरशेजारी आवाजाचा वेगळा फोल्डर होता आणि त्यात एकच मोठी फाइल. प्रोग्रॅम फक्त गाणी शोधायचा, या फोल्डरकडे तो फिरकतच नव्हता. तिनं फाइल समोर ठेवून वाजवायला सांगितलं, तर म्हणाला हा प्रकार मला माहीत नाही. या स्वस्त यंत्रांचं असंच असतं. गाणी जगाच्या भाषेत साठवतात आणि आवाज मात्र आपल्या घरच्या भाषेत. तिनं इंटरनेटवर धुंडाळलं. कुठल्याशा देशातल्या कुणीतरी नेमकं हेच रडगाणं लिहून ठेवलं होतं आणि खाली दुसऱ्या कुणीतरी, तसल्या फाइली उलगडणारा एक छोटासा प्रोग्रॅम. तो उतरवून घ्यायला वेळ लागला. चालवला तर दोनदा मधेच मेला. तिसऱ्या खेपेला शेवटपर्यंत गेला.

तिनं हेडफोन कानाला लावले.

आधी वारा. मग ढोल, अगदी जवळून, आणि तो थांबल्यावर सोनबाकाकाचा आवाज. घसा खरवडून निघणारा, पण एका जागी ठाम उभा असलेला. लहानपणी याच आवाजाला भिऊन ती आईच्या पदराआड लपायची. वरल्या आळीची घरं झाली. खालच्या आळीची झाली. प्रत्येक घरामागून 'व्हय म्हाराजा'ची लाट येत होती आणि ओसरत होती. सोनबाकाकानं शेवटून दुसरं स्वतःचं घर घेतलं. आणि मग,

"व्हाळापल्याडच्या सदूच्या घराला, त्येच्या बायलीला, गुरावासराला राख म्हाराजा. त्येची लेक परगावात हाय, तिच्या वाटंवर उभा ऱ्हा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

तिनं हेडफोन काढले नाहीत. हात तसाच कानावर ठेवून ती बसून राहिली. मागच्या शिमग्याला तिला दुकानातून रजा मिळाली नव्हती. सहाणेवर आपल्यासाठी हे एवढं मागितलं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगण्यासारखं त्यात कुणाला काही वाटलंही नसेल. तेव्हा ती त्यांच्यातलीच होती.

आमोदनं तिचा चेहरा बघितला. त्यानंही एक हेडफोन घेऊन तेवढा तुकडा ऐकला. तो महाडच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस, गावकीतलं त्याला फारसं कळत नव्हतं. पण इतकं कळायला काही लागत नाही.

"या वर्षी तुमचं नाव घेतील?"

"नाही."

"मग?"

"आई म्हणते, माणसं बोलत नाहीत तर नाहीत. देव तरी ओळखतो ना आपल्याला." तिनं टेबलावरची धूळ बोटानं पुसली. "नावच घेतलं नाही तर त्याला कसं कळणार, असं तिला वाटतं. मला नाही वाटत तसं. पण तिला वाटतं."

आमोदनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग आवाज खाली करून म्हणाला, "होत नाही म्हणून सांगू का? लिनक्सवर चालत नाही म्हणावं. महाडात कुणालाही खरं वाटेल."

रेश्माच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. खरं म्हणजे तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. एका वाक्याचं काम. फाइल वाजत नाही. ना सोनबाकाकाचं गाऱ्हाणं, ना कुणाचंच नाव. अख्खी वाडी एकदा तरी तिच्या घरासारखी होऊन बसली असती. राग यायला तिलाही यायचा. महिनोन् महिने आई विहिरीवरून सगळ्या बायका गेल्यावर पाणी आणत होती, तो राग कुठं जाणार?

पण सोनबाकाकाची ती खाट तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"होतं, सर," ती म्हणाली. "वाजतंय की."

धोंडू आणि शुभम परत आले तेव्हा तिनं आवाज स्पीकरवर टाकला. पहिल्याच शब्दाला शुभम दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन खाली बसला. धोंडूनं टोपी डोक्यावर घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. बाहेर पोलादपूरच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. प्रत्येक घराशी धोंडूचे ओठ हलत होते, आवाज न करता.

व्हाळापल्याडचं घर आलं तसे त्याचे डोळे उघडले.

"…तिच्या वाटंवर उभा ऱ्हा म्हाराजा."

आणि त्यामागून जो 'व्हय म्हाराजा' आला, त्यात एक आवाज बाकी सगळ्यांवर उठला होता. यंत्र शुभमच्या हातात होतं आणि शुभम मानकऱ्यांच्या रांगेपाशी उभा असणार. तो आवाज धोंडूचा होता. दुकानात ते सगळ्यांनाच कळलं.

धोंडू जमिनीकडे बघत राहिला. मग आमोदकडे वळला, आणि त्याच्या तोंडून शब्द पहिल्यापेक्षा हळू निघाले.

"तिला सांगा, ते नाव काढायचं. पोराच्या कानात ते जाता कामा नाय. गेलं तर सहाणेवर तोंडात येईल. मग गावकी त्याला पण धरंल."

"मी नाही सांगणार," आमोद म्हणाला. "तुम्हीच सांगा. समोर बसली आहे."

धोंडूचा हात टोपीशी गेला आणि परत आला. तो रेश्माशी बोलला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला, "नाव तेवढं काढायचं. बाकी तांदळाएवढं पण कमी करायचं नाय. तोडून जोडलेलं गाऱ्हाणं देवाला चालत नाय."

"म्हणजे पुढचं मागं ओढायचं नाही?" रेश्मानंही कॅलेंडरलाच विचारलं.

"हात लावायचा नाय म्हटलं ना. नाव जाऊ दे. जागा ऱ्हाऊ दे."

तिनं आवाजाची फाइल संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. सोनबाचा सगळा आवाज पडद्यावर डोंगराच्या रांगेसारखा पसरला. जिथं माणसांचा होकार, तिथं उंच शिखरं. मधे सोनबाची बुटकी टेकाडं. तिनं शेवटाकडे जाऊन आपल्या घराचं टेकाड शोधलं. दोनदा ऐकून खात्री केली. 'व्हाळापल्याडच्या'च्या आधीच्या श्वासापासून शेवटच्या 'म्हाराजा'पर्यंत तिनं ते निळं करून घेतलं. त्यात बापाचं नाव होतं, आई होती, गुरं होती, ती होती.

"रेश्मा," आमोद म्हणाला, "मी करू का?"

"नको, सर. तुमच्यानं थोडं इकडंतिकडं होईल."

तिनं बटण दाबलं. टेकाड गेलं आणि तिथं सरळ सपाट रेघ आली. दुसऱ्याच्या घराचं काम असतं तर तिनं जितकं नेटकं केलं असतं, तितकंच नेटकं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

मग तिनं वाजवून दाखवलं. सोनबाचं घर झालं, होकार झाला, आणि आवाज बंद पडल्यासारखी शांतता आली. वाराही नाही, ढोलही नाही. ती शांतता दुकानात चांगलीच लांबली. शुभमनं मान वर करून स्पीकरकडे बघितलं. आणि मग त्या रिकाम्या जागेच्या टोकाला, जसा होता तसाच, धोंडूचा आवाज आला. त्यामागून सगळ्यांचा.

"व्हय म्हाराजा!"

"इथं काय करायचं?" शुभमनं विचारलं. "मधे गप्प बसायचं?"

धोंडू दाराकडे वळला.

"जसं हाय तसं म्हणायचं," तो म्हणाला. "आपल्या मनचं घालायचं नाय, आपल्या मनचं काढायचं नाय. गाडीची येळ झाली."

जाता जाता उंबऱ्याशी थांबून त्यानं, परत कॅलेंडरला, जुन्या यंत्रातलं आणि इथल्या संगणकातलं मूळ पुसून टाकायला सांगितलं. रेश्मानं दोन्हीकडचं त्याच्यासमोर पुसलं. नव्या यंत्रात गाऱ्हाणं घातलं, त्यालाही ओळखीची ती रिकामी फाइल दिली आणि ते शुभमच्या हातात ठेवलं. ते घेताना शुभम हळूच "ताई" म्हणाला. धोंडू तोवर रस्त्यावर उतरला होता.

शिमग्याला रेश्मा घरी गेली. कापड्याला एसटीतून उतरून चालत निघाली तेव्हा वाटेवर वाडीच्या बायका भेटल्या. त्यांनी पदर सावरले आणि बघितलं न बघितलंसं केलं. त्यातली एक तिच्याबरोबर शाळेत होती. तिच्या कडेवरचं मूल मात्र रेश्माकडे वळून वळून बघत होतं, त्याला अजून कुणी दंड सांगितला नव्हता.

घराचं अंगण तसंच उकरलेलं, कोंबड्यांनी विस्कटलेलं पडलं होतं. वाडीतल्या दारोदारी सारवण, रांगोळी, पालखीच्या वाटेवर पाणी शिंपडलेलं. त्यांच्याच दारात धूळ.

"आये, सारवलं नायस?"

"कुणासाठी सारवू गो?" राहीबाई चुलीपाशी बसून म्हणाली. तिनं पुरणसुद्धा घातलं नव्हतं. भात उकडत होता, तेवढाच. "पालखी व्हाळाच्या अलीकडं येयाची नाय. आज नावपण जाईल. मग झालं."

रेश्मानं दुकानातलं आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझं नाव मी माझ्या हातानं पुसलं, आणि चांगलं पुसलं? तिला रडू येत होतं आणि घरात ते दाखवायची सोय नव्हती. ती पडवीत बापाजवळ जाऊन बसली. सदू काथ्याचं दावं वळत होता. त्यानं नुसतं सरकून तिला जागा दिली.

दुपार कलली तसा ढोल सुरू झाला. या वर्षी मुंबईकरांनी सहाणेवर कर्णा लावला होता, त्यामुळं व्हाळाच्या या अंगालाही सगळं ऐकू येत होतं. माणसांची गडबड, कुणीतरी पोरांना गप्प केलेलं. मग ढोल थांबला आणि कर्ण्यातून शुभमचा आवाज आला. पहिल्या घराला कापत होता. तिसऱ्याचौथ्यापासून सावरला. आणि वरली आळी संपेस्तोवर सदूचे हात थांबले.

"सोनबाचंच बोलणं," तो म्हणाला. "श्वास पण तिथंच घेतो."

राहीबाई चुलीपासून उठून दाराच्या चौकटीला टेकली. खालची आळी झाली. घरामागून घर जात होतं आणि होकार येत होता. रेश्माला पुढचं सगळं ठाऊक होतं. त्या आवाजाची रांग तिच्या डोळ्यांपुढं होती, आणि ती सपाट रेघ जवळ जवळ येत होती. सोनबाचं घर आलं. व्हय म्हाराजा. आईकडे बघायचा तिला धीर होईना.

कर्णा गप्प झाला.

शुभमनं श्वास घेतला तेवढा ऐकू आला. नंतर काही नाही. व्हाळातलं थोडंसं पाणी वाजत होतं. सदूनं दावं मांडीवर ठेवलं. ही जागा कुणाची, ते त्या तिघांना कळलं. आणि सहाणेवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं असणार. वर्षानुवर्षं त्या जागी तेच नाव ऐकलेले कान होते ते. शांतता इतकी लांबली की आता शुभम पुढं जाणार, शेवटचं मागणं घालून मोकळा होणार, असं रेश्माला वाटलं.

"व्हय म्हाराजा!"

आधी एकटाच आवाज. कर्ण्यापासून लांबचा, तरी स्वच्छ. त्यामागून दोनचार. आणि मग सगळी सहाण.

राहीबाईनं चौकट सोडली. तिचे हात कधी जोडले गेले होते ते तिलाही कळलं नसावं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. खाली उतरून ती गोठ्याकडे गेली.

सदूनं दावं पुन्हा हातात घेतलं. बराच वेळ त्याला पीळ सापडेना.

"धोंडूचा आवाज बसलाय जरा या साली," तो म्हणाला.

रेश्मानं मान हलवली.

राहीबाई शेणाचं घमेलं घेऊन आली आणि तिनं ते अंगणाच्या पार टोकाला, व्हाळाकडून वाट वर येते तिथं ठेवलं. पदर खोचून ती खाली बसली.

"आये," रेश्मा म्हणाली, "पालखी नाय येयाची."

"म्हायत हाय मला," राहीबाई म्हणाली. "तू पाणी आण."